आ-छानला हसताना हाँगकाँगने काय गमावलं

मे २०२३. चेंगदूहून हाँगकाँगला निघालेलं कॅथे पॅसिफिकचं विमान. एका प्रवाशाने केबिन क्रूच्या आपसातल्या गप्पा मोबाइलवर टिपल्या आणि नंतर इंटरनेटवर टाकल्या. गप्पांचा विषय होता प्रवाशांचं इंग्रजी. पांघरूण हवं असताना ‘ब्लँकेट’ हा शब्द न आठवून कुणीतरी ‘कार्पेट’ म्हणालं होतं. त्यावर खिदळणं चाललं होतं की इंग्रजीत ब्लँकेट म्हणता येत नसेल तर ते मिळायचं नाही, कार्पेट तर खाली जमिनीवर आहेच. कंपनीने पुन्हा पुन्हा माफी मागितली आणि तिघांना कामावरून काढून टाकलं. हाँगकाँगचे मुख्य कार्यकारी जॉन ली यांनी जाहीर निषेध केला. बीजिंगच्या पक्षमुखपत्राने तर या कंपनीच्या रक्तातच परक्यांची पूजा आणि मुख्य भूमीच्या, म्हणजे हाँगकाँगबाहेरच्या चीनच्या, माणसांचा तिटकारा आहे, अशा आशयाचं लिहिलं.

हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीत ‘गावंढळ’ या अर्थाचे जे ढीगभर शब्द आहेत त्यांची चर्चा तेव्हापासून पुन्हा तापली आणि नेहमीच्या दोन चाकोऱ्यांत अडकली. एका बाजूच्या मते हे शब्द म्हणजे देशबांधवांचा अपमान, वंशद्वेष, वसाहतवादाची घाण. ते वापरणाऱ्याला शिक्षाच हवी. दुसऱ्या बाजूच्या मते हे निव्वळ विनोद आहेत. ७५ लाखांच्या शहराने १४० कोटींच्या सत्तेपुढे काढलेली जीभ आहे ती, आणि दुबळ्याच्या टिंगलीला द्वेष म्हणणं हाच कांगावा. दोन्ही बाजू या शब्दांनी समोरच्याचं किती नुकसान झालं, एवढंच मोजत बसतात. माझं म्हणणं वेगळं आहे. या शब्दांनी सर्वांत मोठं नुकसान हाँगकाँगचंच केलं. त्या शहराच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि त्यांचे पत्तेही ठाऊक होते. ते सरकारी कचेऱ्यांचे होते. हे शब्द हाताशी असल्यामुळे तक्रारी त्या पत्त्यांवर पोचल्याच नाहीत. त्या समोर रांगेत उभ्या असलेल्या, ढगळ सदरा घातलेल्या माणसाच्या अंगावर गेल्या.

आधी शब्दांकडे पाहू. ‘दाय हेउंग लेय’ हा जुना: शहरात येऊन भांबावलेला खेडूत. ‘लोऊ थोऊ’ म्हणजे ज्याच्या कपड्यांत, केसांत, बोलण्यात अजून माती आहे तो. उत्तरेकडच्या मँडरिन बोलणाऱ्याला ‘लाऊ सुंग’. हे त्याच्याच तोंडच्या ‘दादा’ अशा अर्थाच्या संबोधनाचं वेडावणं. ऐंशीच्या दशकात सरकारी कामाला येणाऱ्या, बेढब सूट घातलेल्या साम्यवादी अधिकाऱ्याला ‘बिऊ सुक’, म्हणजे वडिलांचा आते-मामेभाऊ. क्रांतिकाळातल्या एका प्रचारी संगीतिकेत घरी येणाऱ्या असंख्य गुप्त कार्यकर्त्यांना मुलगी याच नात्याने ओळखते, तिथून हा उचलला. खरं सांगायचं तर या साऱ्यात हाच मला सर्वांत आवडतो, कारण तो गरिबाला नाही, पदाला टोचतो. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे ‘आ-छान’. मराठी कानाला हे कौतुक वाटेल. मूळ अक्षराचा अर्थही ‘तेजस्वी’ असाच आहे. तिथे मात्र अनेक वर्षं ही शिवी होती.

ती आली कुठून? १९७९ साली टीव्हीबी वाहिनीवरच्या एका मालिकेतून. अख्खं शहर ती मालिका बघत होतं. तिच्यात चाऊ युन-फॅट या नटाने केलेला शिकलेला, हाँगकाँगमध्ये वाढलेला मुलगा आणि लिऊ वाय-हुंगने केलेला मुख्य भूमीवरून आलेला छिंग छान. छान आळशी आहे, गलथान आहे, झटपट पैशाच्या मागे आहे, पैजेवर एकामागून एक हॅम्बर्गर कोंबतो. लोक पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवसापासून नव्याने आलेला प्रत्येक जण ‘आ-छान’ झाला. या नावावर इतके लेख लिहिले गेले, पण एक गोष्ट अनेकदा निसटते. मालिकेत हे दोघे सख्खे भाऊ आहेत. एक आधी आला, दुसरा मागे राहिला, एवढाच फरक. लेखकांना हे पुरतं ठाऊक होतं. हसणाऱ्यांनी ते सोयीस्कर विसरलं.

हा विसर त्या काळाला सोयीचा होता. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हाँगकाँगची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती. पाच वर्षांत ती वीस लाखांवर गेली. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईची झोपडपट्टी जळाली आणि पन्नास हजारांवर माणसं उघड्यावर आली, ती बहुतेक सगळी सीमा ओलांडून आलेली. १९६१ च्या जनगणनेत शहराचे निम्मे रहिवासी बाहेर जन्मलेले निघाले. १९७४ पासून तर नियमच असा होता की सीमेवर सापडलात तर परत, पण पहारा चुकवून शहरवस्तीपर्यंत पोचलात तर राहायची परवानगी. पकडापकडीत घर गाठावं तसं. ऑक्टोबर १९८० मध्ये हा नियम रद्द झाला. म्हणजे ‘आ-छान’ची शिवी जन्मली ती दार बंद होण्याच्या वर्षभर आधी. शिवी देणारा बहुधा स्वतः पोहत आलेला होता किंवा पोहत आलेल्याचा मुलगा. मग एवढ्या ताज्या पाहुण्याला यजमान व्हायची इतकी घाई का? उत्तर प्रश्नातच आहे. ज्याच्या घरमालकीला पंचवीस वर्षंच झाली आहेत त्याला पाटी मोठी लावावी लागते.

आणखी मागे गेलं तर गंमत वाढते. १९४९ च्या सुमारास शांघायचे गिरणीमालक पैसा आणि यंत्रं घेऊन हाँगकाँगला आले. त्यांच्या नजरेत चित्रपटगृहांचं, नाचघरांचं, फॅशनचं शहर एकच, शांघाय. हाँगकाँग म्हणजे दक्षिणेतलं आडगाव आणि कँटोनीज बोलणारा म्हणजे अडाणी. त्याहून मागे, सातव्या शतकात, आजच्या क्वांगतुंग या कँटोनीज भाषक प्रांतातला हुईनेंग नावाचा लाकूडतोड्या उत्तरेकडच्या मठात ज्ञान मागायला गेला. तू तिकडचा दक्षिणी रानटी, तू कसला बुद्ध होणार, असं आचार्यांनी त्याला विचारलं. माणसांत उत्तर-दक्षिण असेल, बुद्धस्वभावात नसते, हे त्याचं उत्तर बौद्ध परंपरेने जपून ठेवलं आणि तोच ध्यान संप्रदायाचा सहावा कुलगुरू झाला. कँटोनीज माणूस हजारभर वर्षं चीनचा ‘आ-छान’ होता. आणि तो स्वतः कुणाला हसत होता? होड्यांवर राहणाऱ्या थांका लोकांना. त्यांना किनाऱ्यावर वस्ती करू देत नसत; १७२९ मध्ये बादशहाला तशी मुभा देणारा हुकूम काढावा लागला, आणि त्यानंतरही तुच्छता काही गेली नाही.

विमानातल्या त्या हशाकडे यावरून पाहिलं तर त्यात एक जागा फार बोलकी आहे. प्रवाशाला मापलं गेलं ते कँटोनीजच्या पट्टीने नाही, इंग्रजीच्या. १९७४ पर्यंत हाँगकाँगमध्ये चिनी ही राजभाषाच नव्हती. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी काही वर्षं चळवळ केली तेव्हा कुठे कायदा झाला. तोपर्यंत सरकारी खिडकीसमोर उभ्या असलेल्या कँटोनीज माणसाचं इंग्रजी चुकलं की खिडकीपलीकडे असंच हसत असणार. आजोबांना खिडकीबाहेर ज्या पट्टीने मापलं, तीच पट्टी नातवंडांनी आत बसून उचलली. आपल्याकडे मराठी शाळेतून कॉलेजात गेलेल्या मुलांना ‘व्हर्नॅक’ म्हणणारे कोण होते ते आठवा. लंडनहून आलेले नव्हते ते.

आता समोरच्यांचे मुद्दे. ते कच्चे नाहीत.

पहिला असा की विनोदाला इतकं जड करू नका. आ-छान हे लाडकं पात्र होतं, त्याने नटाला लोकप्रिय केलं, घरोघरी माणसं स्वतःच्याच काकाला प्रेमाने आ-छान म्हणत. हे खरं आहे. कँटोनीज बोलीचा अर्धा जीव तिच्या टपोरीपणात आहे आणि सभ्यतेच्या नावाखाली ती धुऊन-इस्त्री करून ठेवली तर ती मरेल. शब्दांवर बंदी घालून माणसं सुधारल्याचं मी तरी कुठे पाहिलेलं नाही. तिघांच्या नोकऱ्या घेऊन नेमकं काय साधलं, हेही मला कळलेलं नाही.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. बळ कोणाकडे आहे? २०१० मध्ये क्वांगतुंगची राजधानी असलेल्या ग्वांगझौच्या एका राजकीय सल्लागार समितीने आशियाई खेळांच्या निमित्ताने स्थानिक दूरचित्रवाणीवर मँडरिन वाढवायची सूचना केली आणि कँटोनीजसाठी माणसं रस्त्यावर उतरली. जिला आपल्याच प्रांतात टीव्हीवर जागा मागावी लागते, ती भाषा दुसऱ्यावर काय जुलूम करणार? आणि टिंगल काही एकतर्फी नाही. जानेवारी २०१२ मध्ये, मेट्रोमध्ये खाण्यावरून झालेल्या एका भांडणाची चित्रफीत पसरल्यावर, पेकिंग विद्यापीठाच्या प्राध्यापकाने, खुंग छिंगतुंगने, हाँगकाँगवासीयांतल्या पुष्कळांना चक्क कुत्रे म्हटलं. कँटोनीजला पक्ष्यांची किलबिल म्हणणारे उत्तरेत पैशाला पासरी आहेत.

तिसरा मुद्दा: त्रास खरा होता. २००३ मध्ये सार्सच्या साथीने शहराचं कंबरडं मोडलं, तेव्हा मुख्य भूमीच्या लोकांना गटाशिवाय, एकट्याने पर्यटक म्हणून यायची मुभा दिली गेली. २०१८ पर्यंत वर्षाला पाच कोटी दहा लाख माणसं तिकडून येऊ लागली. सीमेलगतच्या शेउंग श्वेमध्ये औषधाची आणि दूधपावडरीची दुकानं एवढी झाली की रोजच्या गरजेची दुकानं हटली. २००८ च्या भेसळकांडानंतर चीनमधले आईबाप हाँगकाँगची दूधपावडर पेट्यांनी नेऊ लागले आणि तिथल्या आयांना डबा मिळेना. आईवडील दोघंही हाँगकाँगचे रहिवासी नसताना तिथे जन्मलेली बाळं २०११ मध्ये ३५ हजारांवर गेली. प्रसूतिगृहात खाट मिळवायला स्थानिक स्त्रियांची तारांबळ उडाली. यावर चिडू नका, असं कुणाला सांगणार?

हे सगळं मान्य करूनच विचारतो, ही चीड गेली कुठे? १ फेब्रुवारी २०१२ रोजी ॲपल डेली या दैनिकात लोकवर्गणीतून पानभर जाहिरात आली. तिच्यात डोंगरावरून हाँगकाँगकडे पाहणारा एक प्रचंड टोळ होता. ‘आ-छान’ निदान माणूस तरी होता, कुणाचा तरी भाऊ. तीस वर्षांत तो कीटक झाला. पण जाहिरातीतला टोळ ज्या दारातून आत आला ते दार उघडलं कोणी? तिथे जन्मलेल्या बाळाला राहण्याचा हक्क आहे, असा निर्णय २००१ मध्ये अंतिम अपील न्यायालयाने दिला होता. पण गर्भवती स्त्रियांना खाटा विकायला खासगी रुग्णालयं बसली होती, आणि वैद्यकीय सेवा हा शहराच्या भरभराटीचा एक खांब म्हणून २००९ मध्ये हाँगकाँग सरकारनेच जाहीर केला होता. दूधपावडरीवर नफा कमावणारा दुकानदार आणि त्याच्याकडून तिप्पट भाडं उकळणारा जागामालक, दोघेही कँटोनीजच बोलत होते. त्यांच्यासाठी कुठला कीटक योजला होता?

इथे एक आक्षेप येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. टोळ-टोळ म्हणून ओरडल्यामुळेच तर सरकार हललं ना? १ जानेवारी २०१३ पासून अशा प्रसूतींचा कोटा शून्य झाला. त्याच वर्षी १ मार्चपासून सीमेपार माणशी दोनच डबे. एप्रिल २०१५ मध्ये सीमेपलीकडच्या शेंझेन शहराच्या रहिवाशांच्या अमर्याद फेऱ्या थांबल्या, आठवड्याला एकच ठरली. आरडाओरडीचा परिणाम झाला, हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण तीनही वेळा झालं काय ते पाहा. प्रश्न सुटला तो कागदावरच्या एका ओळीने, आणि ती ओळ पहिल्या दिवसापासून सरकारच्या हातात होती. प्रसूतीच्या खाटा मागणाऱ्या आयांची मागणी नेमकी होती, डब्यांच्या मर्यादेची मागणी नेमकी होती. उरलेला गोंगाट, म्हणजे बाजारात परक्या दिसणाऱ्याच्या सामानाच्या बॅगेला लाथ घालणं, त्सिम शा त्सुईच्या महागड्या दुकानांपुढे ‘टोळांनो, परत जा’ म्हणून मोर्चा नेणं, याने वर्तमानपत्रांना छायाचित्रं मिळाली आणि बीजिंगला पुरावे.

कँटोनीजला अचूक मारता येत नाही, असंही नाही. २०१२ मध्ये लिऊंग छुन-यिंग १२०० जणांच्या निवड समितीत ६८९ मतं मिळवून मुख्य कार्यकारी झाले. लोकांनी त्यांचं नाव टाकून दिलं आणि पाच वर्षं त्यांना नुसतं ‘६८९’ म्हटलं. तीन आकडे. त्यात कुणाच्या उच्चाराची, कपड्यांची, गावाची टिंगल नाही. आणि दर वेळी उच्चारताना आठवण मात्र होते की सत्तर लाखांच्या शहराचा कारभारी एवढ्याशा मतांनी ठरला. दुबळ्याची जीभ म्हणतात ती ही. कार्पेट म्हणणाऱ्या बाईला हसणारी जीभ आणि ६८९ म्हणणारी जीभ एकच, असं मानायला मी तयार नाही.

या तुच्छतेची खरी किंमत दाखवणारं प्रकरण टोळाच्या जाहिरातीहून तेरा वर्षं जुनं आहे, आणि या वादात त्याचं नाव फारसं कुणी काढत नाही. २९ जानेवारी १९९९ रोजी अंतिम अपील न्यायालयाने निकाल दिला की हाँगकाँगच्या कायम रहिवाशांच्या मुख्य भूमीवर जन्मलेल्या मुलांना इथे राहण्याचा हक्क आहे. लक्षात घ्या, हाँगकाँगकरांचीच मुलं. सरकारने लगेच आकडा फेकला: काही वर्षांत सुमारे १६ लाख ७० हजार माणसं येतील. शाळा, घरं, दवाखाने, सगळं कोलमडेल. आकडा फुगवलेला आहे, हे सांगणारे होते. पण वीस वर्षं पडद्यावरच्या बर्गर कोंबणाऱ्या छानला हसलेल्या शहराला तो आकडा डोळ्यांसमोर दिसला. सोळा लाख आ-छान! सरकारने बीजिंगला विनंती केली की ‘बेसिक लॉ’चा, म्हणजे शहराच्या छोट्या राज्यघटनेचा, अर्थ तुम्हीच लावून द्या. २६ जून १९९९ रोजी राष्ट्रीय जनसंसदेच्या स्थायी समितीने तो लावून दिला आणि न्यायालयाचा अर्थ बाजूला पडला. वकील काळे कपडे घालून मूकमोर्चाने निघाले. बहुसंख्य जनता मात्र सरकारच्या बाजूने होती.

म्हणजे अंतिम न्यायालयाचा शब्द बीजिंगने फिरवण्याची पहिली वेळ हाँगकाँगनेच मागून घेतली, आणि ती स्वतःच्या भावंडांना दाराबाहेर ठेवण्यासाठी. पुढे तर काही वेळा मागावंही लागलं नाही. २००४ मध्ये स्थायी समितीने पुन्हा अर्थ लावला आणि निवडणूक सुधारणांची चावी स्वतःकडे घेतली. २०१६ मध्ये दोन तरुण निर्वाचित सदस्यांनी शपथ घेताना चीनचा उल्लेख जपानी आक्रमणाच्या आठवणी जागवणाऱ्या एका हिणकस नावाने केला. आठवड्यांतच बीजिंगने शपथेचा अर्थ लावला आणि त्यात त्या दोघांसह सहा जणांच्या जागा गेल्या. उरलेल्या चौघांनी ते हिणकस नाव उच्चारलंही नव्हतं. बीजिंगला जे करायचं ते निमित्ताशिवायही केलंच असतं, असं यावर म्हटलं जातं. असेल. पण १९९९ मध्ये ते टाळ्यांच्या गजरात झालं, आणि पायंडा पडायला टाळ्या लागतात.

मुंबईकर मराठी वाचकाला हे अगदी परकं वाटू नये. ज्या शहरात मराठी गिरणी कामगाराला ‘घाटी’ म्हणून हिणवलं गेलं, त्याच शहरात आपण दाक्षिणात्य कारकुनाच्या भाषेला ‘यंडुगुंडू’ म्हटलं आणि नंतर टॅक्सीवाल्या भैयावर घसरलो. तक्रार खोटी होती का? नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता, घरांचा तर होताच होता. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, १९९१ च्या विकास नियमाने त्यांच्या जमिनींचा एक-एक तृतीयांश हिस्सा महापालिका आणि म्हाडासाठी धरला, आणि २००१ मध्ये त्याच नियमात ‘मोकळी जमीन’ एवढाच बदल करून तो हिस्सा आक्रसवला, तेव्हा त्या कागदावर सही करणाऱ्यासाठी आपल्याकडे कुठली शिवी तयार होती? एकही नाही. टॅक्सीवाल्यासाठी मात्र डझनभर. परळ-लालबागची जमीन गेली ती काही टॅक्सीने गेली नाही.

आता बीजिंगच्या बाजूने नाक मुरडणाऱ्यांविषयी, थोडक्यात, कारण त्यांचा युक्तिवाद थोडक्यात आटोपतो. देशबांधवांच्या भावना दुखावल्या म्हणणाऱ्या राज्यव्यवस्थेने १९५८ पासून ‘हुकोउ’ नोंदणीने स्वतःच्याच खेडुतांना शहरात दुय्यम ठेवलं आहे. त्यांच्या मुलांना शहरी शाळेत प्रवेशासाठी झगडावं लागतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये बीजिंगच्या ताशिंग भागात आग लागून १९ जण मेले आणि सुरक्षेच्या नावाखाली हजारो स्थलांतरित कामगारांना कडाक्याच्या थंडीत घराबाहेर काढलं गेलं. तेव्हा लोकांच्या तोंडी जो शब्द आला, ‘निम्नस्तरीय लोकसंख्या’, तो विमानातल्या कुणा तिघांचा नव्हता. त्याची मुळं प्रशासनाच्या दप्तरी भाषेत होती. ब्लँकेट न देणाऱ्यांवर अग्रलेख, आणि ब्लँकेटसकट रस्त्यावर काढणाऱ्यांवर काय? हा वंशद्वेष आहे, हा दावाही टिकत नाही. हाँगकाँगचा २००८ चा वंशभेदविरोधी कायदा मुख्य भूमीच्या नवागताला संरक्षण देत नाही, कारण कायद्याच्या नजरेत दोघांचा वंश एकच. ही त्रुटी आहे, पण निदान तिने एक गोष्ट स्पष्ट होते. दोघांमधली रेघ वंशाची नाही, ऐपतीची आहे.

ऐपतीची म्हणतो त्याचा पुरावा त्याच बोलीत आहे. मुख्य भूमीचा माणूस समोर नसला की हीच हत्यारं घरच्यांवर चालतात. केस रंगवून, जपानी फॅशनची स्वस्त नक्कल करून मोंगकोकच्या गल्ल्यांत फिरणारा पोरगा म्हणजे ‘एमके जाय’. सरकारी घरकुलात वाढलेला तो ‘ऊक छ्युन जाय’. शहराची जवळजवळ तीस टक्के माणसं अशा भाड्याच्या सरकारी घरांत राहतात, तरी हे हिणवणंच. आणि छान? तो पलटला. नव्वदच्या दशकापासून मुख्य भूमीवर पैसा खेळू लागला, तसा शेंझेन-शांघायच्या झगमगाटाने दिपून गेलेल्या हाँगकाँगवाल्यासाठी नवा शब्द निघाला, ‘गाँग छान’, हाँगकाँगचा छान. हाँगकाँगच्याच लोकांनी तो स्वतःला चिकटवला, हे त्यांच्या विनोदबुद्धीला शोभणारं आहे. आज दर शनिवार-रविवारी हाँगकाँगची कुटुंबं स्वस्त जेवणासाठी, दातांच्या डॉक्टरसाठी, घाऊक खरेदीसाठी शेंझेनला जातात, रिकाम्या बॅगा घेऊन जातात आणि भरून आणतात. मोबाइलवर पैसे देताना अडखळणारा आता कँटोनीज बोलतो आणि मागे उभा असलेला तरुण मँडरिनमध्ये सुस्कारा टाकतो.

मुख्य भूमीवरून कायमचं राहायला येणाऱ्यांचा दिवसाला १५० माणसांचा कोटा १९९५ पासून चालू आहे. त्यातले बहुतेक जण हाँगकाँगच्या रहिवाशांचे नवरे, बायका आणि मुलं असतात. कुणाला पाठवायचं ते मुख्य भूमीचं पोलीस खातं ठरवतं. हाँगकाँगच्या इमिग्रेशन विभागाला त्या यादीत नाव घालता येत नाही की खोडता येत नाही. ज्या शहराला आपल्या दारावर हक्क हवा होता त्याने मागायची गोष्ट ही होती. ती मागणारे विधिमंडळात होते, अनेक वर्षं होते, त्यांचे प्रस्ताव पडत राहिले. आणि दाराशी आलेली बाई बहुतेक वेळा तिथल्याच कुणा ट्रकचालकाची बायको असायची, मुलाचा हात धरून आलेली, कँटोनीजचे सूर चुकवत पत्ता विचारणारी.